भुरका मारायला बंदी

बाबा,

हाकाताहून तुमच्या हट्टी मित्सुएचा वाकून नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे. आईला सांगा, भाजलेला हात आता बरा आहे. तुमचे गुडघे कसे आहेत?

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "चार पिढ्या आपल्या सोबा शेवया करणाऱ्या घरातली पोर चिन्यांच्या शेवया विकणार?" अहो, त्या चीनहून आल्या त्याला शंभर वर्षं होऊन गेली! आता त्याच शेवयांचं रामेन खायला सगळं जग आपल्या दारात रांग लावतं.

परवा आमच्या रामेनच्या दुकानात एका परदेशी पाहुणीने खाण्याच्या आवाजाची तक्रार केली. मालकांनी लगेच पाटी लावली, "भुरके मारू नयेत." दुकान दवाखान्यासारखं गप्प झालं. आमचे रोजचे ओगाता आजोबा फुंकर घालत बसले, तोवर त्यांच्या शेवयांचा लगदा झाला. मला राहवेना. मी पाटी उतरवली, आजोबांशेजारी वाडगा घेऊन बसले आणि दणदणीत भुरका मारला. मग आजोबांनी मारला, मग सगळ्या दुकानाने.

मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत," मी म्हटलं.

काळजी करू नका, हाताला काम मिळेल. पण ही खोड तुमचीच. गिऱ्हाइकाचा भुरका ऐकू आला नाही, तर "काय चुकलं?" विचारत तुम्हीच चुलीपुढून बाहेर येता ना?

रविवारी घरी येतेय. तुमच्यासमोर माझ्या रामेनचा वाडगा ठेवीन. तीन वर्षं बोलला नाहीत, अजूनही बोलू नका हवं तर. पण खाताना गप्प बसायचं नाही.

तुमचीच,
मित्सुए