रेघेपलीकडचा पलंग

डकोटा,
१४ ऑक्टोबर १८८४

प्रिय अँब्रोज,

तुला आणि तुझ्या बायकोला, युनिसला आशीर्वाद. इथे सगळं ठीक आहे. मका घरात आला, गाय विण्याच्या बेतात आहे. रग्ना पाण्याला गेलीय, तोवर लिहायला बसले. (रग्ना म्हणजे रेल्वेच्या मजुरांना रांधून घालणारी नॉर्वेची बाई. माझ्या मदतीला येते, असं मागे कळवलं होतं.) तुझा खोकला गेला असेल. व्याख्यानं देणाऱ्याने घसा जपायला हवा.

तू पाठवलेलं कात्रण वाचलं. चर्चमधल्या बाया रडल्या म्हणे. हिमवादळात तू दोर धरून गोठ्याकडे गेलास आणि तुझी दुबळी बहीण पश्चिमेच्या खिडकीत मेणबत्ती घेऊन उभी राहिली, हे ऐकून. अँब्रोज, पश्चिमेला खिडकी नाही. काच येईपर्यंत कोण थांबणार म्हणून तूच तिथे गवताच्या मुळांसकट कापलेली ढेकळं रचलीस. गोठ्याकडे मी गेले होते. तू डोक्यावरून पांघरूण घेऊन स्तोत्रं म्हणत होतास. आवाज तुझा गोड आहे, ते मी कधी नाकारलं नाही.

पुढच्या व्याख्यानात वाचायला माझ्या कष्टांवर चार ओळी हव्यात म्हणतोस. घे. इथे झाड नाही, म्हणून आम्ही वाळलं गवत पिळून चुलीत घालतो. पिळून पिळून हात असे झालेत की लोकर विंचरायला घेतली तर धागे कातडीलाच अडकतात. पाऊस थांबला तरी छत दोन दिवस गळतं. यावर कुणी रडेल असं वाटत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या मागणीकडे येते. ती तू पत्राच्या शेवटी, युनिसच्या नव्या टोपीच्या वर्णनानंतर लिहिलीस. 'एक सही, लव्ही. सगळेच करतात.'

सगळे करतात हे खरं आहे. पाच वर्षं ज्याने त्याने आपापल्या तुकड्यावर राहायचं, तिथेच झोपायचं, तर सरकारकडून जमिनीचा कागद. म्हणून आपण दोघांच्या हद्दीवरच घर बांधलं. मध्ये कोळशाची रेघ, रेघेवर चूल, माझा पलंग पूर्वेला, तुझा पश्चिमेला. या भागात अशी घरं पुष्कळ आहेत. युक्ती तुझी होती आणि मला तिचं कौतुक वाटलं होतं. पहिल्याच वसंतात तू बियाणं आणायला ओहायोला गेलास, तो अजून परतला नाहीस. ते बियाणं तिकडे फारच दुर्मिळ असावं. आता मी शपथेवर सांगायचं की पाचही वर्षं तू रेघेपलीकडे झोपत होतास.

मी बरेच दिवस स्वतःला विचारत राहिले की मला चीड खोट्याची आहे की विहिरीची. विहीर तुझ्या बाजूला आहे. तू पुरुषभर खणून सोडलीस, पाणी त्याच्या बरंच खाली होतं. ते रग्नाने आणि मी काढलं. विहीर माझ्या बाजूला असती तर मी कदाचित सही करून टाकली असती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते हेच.

तुझा दलाल गेल्या महिन्यात येऊन गेला. कागद हाती आला की तू तुझी जमीन त्याला विकणार, हे मला त्याच्याकडून कळलं. बूट न पुसता आत आला, रेघेवर उभा राहिला आणि म्हणाला, "विहीर या बाजूची ना? बाई, मग तुम्ही पाण्याचं काय करणार?"

रग्ना पीठ मळत होती. तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "आधी पाय काढा. माझ्या बाजूला उभे आहात तुम्ही."

तो हसला. मी हसले नाही, कारण ते खरं होतं.

रग्ना मदतीला येते असं मी लिहीत आले. ती येत नाही, राहते. चौथं वर्ष चाललंय. तिच्या बाजूला झोपते, म्हणजे तुझ्या. सोडून दिलेल्या जमिनीवर कुणीही दावा लावू शकतो आणि मूळ माणूस तिथे राहत नव्हता हे सिद्ध केलं तर पहिला हक्क दावा लावणाऱ्याचा. कायदा तुला पाठ आहे. रग्ना अविवाहित आहे, नागरिकत्वाचा अर्ज तिने कधीच केलाय, म्हणजे तिला तो लावता येतो. सोमवारी तिने दावा लावला. कचेरीची नोटीस तुला मिळेल, पण त्याआधी हे माझ्याकडून कळावं असं वाटलं. साक्षीदार म्हणून माझं नाव आहे. म्हणजे सही मी करणारच आहे.

परवा तिला विचारलं, "भावाविरुद्ध बोलायचं, मला जमेल ना?"

ती म्हणाली, "विरुद्ध कशाला? तो नव्हता, एवढंच सांग. त्यात त्याच्याबद्दल एक शब्दही येत नाही."

सुनावणीला तू येशील. ये. शपथेवर खिडकीचंही सांग. कचेरीतला माणूस घर बघायला येणारच आहे.

आईची गोधडी व्याख्यानात दाखवायला हवी म्हणतोस. ती पाठवता येणार नाही. पश्चिमेच्या पलंगावर आहे आणि इथे थंडी पडू लागली आहे.

हा दावा लागला तरी जिच्याशी नातं सुटणार नाही, अशी तुझी
लविनिया