मास्तरांचं माप

प्रिय ठमे,

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू रडतेस, मग मी चिडते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

तुझ्या बाबांच्या पायाचं लक्षण ठीक नाही. उजव्या अंगठ्याला चपलेने फोड आला होता, तो काळा पडलाय, वासही येतो. औषध लावायला गेले की हात झटकतात. "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं उत्तर. तू आणि जावईबापू त्यांना उचलून गाडीत घालायला आलात, त्या दिवसापासून दाराला आतून कडी आणि कात्री खिशात. दोन परके लोक पळवायला आले होते, असं ते मलाच सांगतात. तुझी चूक नाही गं, दुसरं तू तरी काय करणार होतीस? पण तू 'बाबा, बाबा' म्हणत होतीस, ते त्यांच्या डोक्यात बसलंय. बाकी सगळं विसरले, नेमकं तेवढं नाही.

मला ते आता 'बाई' म्हणतात. काज-बटणं करायला ठेवलेली बाई. परवा म्हणाले, बाई, हात साफ आहे तुमचा. इतक्या वर्षांत नवऱ्याने केलं नाही ते कौतुक मालकाने केलं. हसू आलं आणि मग मोरीत जाऊन रडले.

शेवटी डॉक्टरांनाच गिऱ्हाईक करून आणलं. ह्यांनी कंबर, मांडी, उंची सगळं मापलं. हात कुठे अडला नाही, पण टेप सोडला की आकडा गेलेला. पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर बिचारे खांबासारखे उभे. मग म्हणाले, मास्तर, मलाही शिकवा की. तुला आठवत असेल, नवा कारागीर आला की त्याला पहिलं माप मास्तरांचंच घ्यावं लागायचं. हे लगेच ताठ उभे राहिले. डॉक्टर टेप घेऊन खाली बसले आणि घोट्यापाशी येऊन ह्यांचा पायमोजा हळूच उतरवला. हे वरून शिकवतायत, "टेप ओढू नका साहेब, ढिला धरा. माणूस काय पळून जातोय?"

जिन्यात डॉक्टर म्हणाले, पाऊल काढावं लागेल, नाहीतर माणूस हातचा जाईल. मी म्हटलं, अहो, त्याच पायावर मशीनचं पायडल चालतं.

शुद्धीत असताना हे दवाखान्यात जायचे नाहीत. म्हणून गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी दिलेली गुंगीची गोळी मी चहात घालणार आहे, मग अँब्युलन्स येईल. सगळ्यांवरचा विश्वास उडालाय त्यांचा, फक्त बाईच्या हातचा चहा काही न विचारता पितात. मला स्वतःची घृणा वाटते, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

तू बुधवारी ये. एकटी ये, ड्रेसचं कापड घेऊन. बाबा म्हणू नकोस, मास्तर म्हण. माप पुन्हा पुन्हा घेतील, घेऊ दे, घाई करू नकोस. मग ते मशीनवर बसतील, तेव्हा समोरच्या स्टुलावर बस आणि पायडल चालवताना त्यांना बघून घे. मी चहा घेऊन आले, तर त्यांच्यासमोर मला आई म्हणू नकोस.

तुझीच,
आई