पडवीतल्या चार गाड्या

अप्पा, आज सोसायटीच्या सभेत सगळ्यांना बॅटरीच्या गाड्यांसाठी पार्किंगमध्ये पॉइंट हवे होते. वायरमन म्हणत होता, आधी एकूण वीज किती लागेल ते बघू द्या. त्याचं कोणी ऐकेना. मला तुमची आठवण आली.

तुम्ही लाइनमन म्हणून निवृत्त झालात, तरी पापडी गावातल्या आपल्या गल्लीला वीज देणारा डीपी तुम्हीच सांभाळायचात. लोडशेडिंगचे दिवस ते. दुपारी लाईट आली की सगळ्या वाड्यांचे पंप एकदम सुरू व्हायचे आणि फ्यूज उडायचा, म्हणून तुम्ही पंपांच्या वेळा ठरवून विहिरीच्या भिंतीवर खडूने लिहिल्या. समोरच्या वाडीतल्या मावशींचे दोन पंप होते, पण त्या वेळा घड्याळ बघून पाळायच्या आणि एका वेळी एकच लावायच्या. मी सातिवलीला पॅकिंगच्या कामावर होते. लायसन लागत नाही म्हणून मी बॅटरीची स्कूटर घेतली, तेव्हा तुम्ही तिच्याभोवती दोन चकरा मारल्यात. म्हणालात, "एक गाडी फार खात नाही गं. सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं की पुरत नाही." तुमचं नेहमीचंच, म्हणून मी हसले.

एका सुट्टीला कामावरच्या तिघी आपापल्या गाड्या घेऊन आल्या. राजोडीला समुद्रावर जायचं होतं. तुम्ही आत झोपला होतात. लाईट आल्याबरोबर मी मागच्या पडवीत चारही गाड्या एकदम चार्जिंगला लावल्या. मावशींचा एकच पंप चालू होता, वेळ त्यांचीच होती. डीपी आधीच काठावर, त्यातून धूर निघाला. दोन दिवस वीज नाही, पाणी नाही. मावशींच्या मोगऱ्याच्या नव्या रोपांनी माना टाकल्या. मला अजून दिसतं, तुम्ही त्यांच्या दारात उभे आहात, गल्ली जमली आहे. "दोन्ही पंप एकदम लावलेत ना? तुमच्यावर तरी भरवसा होता माझा." मावशी गप्प. मीही गप्प. नाताळात त्यांच्याकडून आलेलं ताट तुम्ही झाकलेलंच परत पाठवलंत, आणि पावसाळ्याआधी गेलात.

तुमच्या दिवसांना मावशी आल्या तेव्हा मी रडत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी मागून जाताना त्यांना पडवीतल्या वायरी दिसल्या होत्या. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"माझ्याशी नाही बोलले तर चाललं, पोरी. तुझ्याशी बोलणं टाकलं असतं, तर ते त्यांनाच सोसलं नसतं."

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एवढंही लिहून टाकते. ते ऐकून मला आधी हायसं वाटलं, अप्पा. लाज बऱ्याच दिवसांनी वाटली.