साखरेची दोन कुपने

मी, अनसूया केशव गोवंडे, वय वर्षे एकसष्ट, राहणार लोणावळा गावठाण, हे मृत्युपत्र स्वहस्ते व स्वखुशीने लिहिते. छाती अधू आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत आहे. आळीतल्या अकरा घरांची रेशनची कुपने दोन वर्षे मी सांभाळते आणि एकही वाया गेलेले नाही. ज्याला शंका असेल त्याने आठवडाभर सांभाळून दाखवावीत.

कलम एक. राहते घर यजमानांनी माझ्या नावे घेतलेले आहे. मूलबाळ नाही, म्हणून ते पुतण्या शरच्चंद्र ऊर्फ शरद यास मिळणार असे सगळे धरून चालले आहेत. त्याला मिळणार नाही. घर त्याची बायको अरुंधती हिला द्यावे. कारण कलम तीनमध्ये येईल.

कलम दोन. कुपनांचा पत्र्याचा डबा. यात लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून मी कप्पे केले आहेत: साखर, रॉकेल, कापड, धान्य. लढाईमुळे टाचण्या मिळत नाहीत, म्हणून बाभळीचे काटे लावले आहेत, बोटे सांभाळावीत. शेजारच्या बयाबाई गुळाचा चहा पितात. त्यांची साखर बाळंतिणीच्या घरी जाते आणि त्या घरचे थोडे रॉकेल बयाबाईंकडे येते. अशी अदलाबदल गुन्हा आहे म्हणतात. असेल तर मी मेल्यावर येऊन पकडावे. डबा अरुंधतीने चालवावा, नवऱ्याचा हात लागू देऊ नये.

कलम तीन. यजमान गेल्या आश्विनात वारले. मेलेल्या माणसाचे कार्ड रेशनच्या कचेरीत परत करायचे असते. तेरावा झाला की करू म्हणून मी ते डब्यात ठेवले. चौदाव्या दिवशी पाहते तो त्यातली साखरेची दोन कुपने गायब! घरात येणारी परकी एकच, धुणेभांडी करणारी, भाजे गावची रतनबाई. तिला मी रेशनच्या रांगेत गाठले आणि पन्नास माणसांदेखत चोरटी म्हटले. ती एवढेच म्हणाली, "बाई, म्या न्हाई घेतली." तिची आळीतली चारही घरे सुटली. आता ती कुरवंड्याच्या बाजूने सरपण आणून विकते. माझ्या जिभेला हाड नव्हते, दुसरे काय!

आणि शरद? माझ्यामागेच उभा होता, पिशवी धरून. गेल्या महिन्यात अरुंधती कौतुकाने बोलून गेली, "तेराव्याला गोड तर हवेच, म्हणून ह्यांनीच युक्ती केली. काकांच्या कुपनांवर साखर आणली. दुकानदाराने विचारले, काका कसे आहेत? हे म्हणाले, बरे आहेत, जरा खोकला आहे."

खोकला! माणूस जाऊन अकरा दिवस झाले होते! आणि त्या साखरेचा लाडू मीही खाल्ला, वर चांगला झालाय म्हटले. शरदला विचारले तर म्हणतो, "काकू, एवढ्याशा साखरेचे काय घेऊन बसलात?" अरे मेल्या, त्या एवढ्याशा साखरेपायी एका बाईच्या तोंडचा घास गेला, तेव्हा रांगेत तुझे तोंड कोणी शिवले होते?

कलम चार. शरच्चंद्रास यजमानांच्या खोकल्याच्या औषधाची उरलेली अर्धी बाटली द्यावी. दुसरे काही देऊ नये.

कलम पाच. माझे कार्ड मी गेले त्याच दिवशी परत करावे. तेराव्याला गूळ चालेल. पानात साखर दिसली तर कोणी जेवू नये.

कलम सहा. मागची खोली रतनबाईला तिच्या हयातीपर्यंत द्यावी. <s>तेराव्यानंतरच्या शनिवारी हे मृत्युपत्र रेशनच्या रांगेत मोठ्याने वाचावे, म्हणजे तिच्यावरचा आळ जाईल.</s>

खोडलेले वाक्य मीच खोडले आहे. काल रतनबाईला बोलावून हे कलम वाचून दाखवले. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, बस म्हटले तरी बसली नाही. म्हणाली, "तुमी मेल्यावर कागूद वाचून माज्या काय कामाचा? तवर म्या चोरटीच ऱ्हायाची व्हय? लाइनीत बोलला, आता लाइनीतच बोला, जित्तेपनी. खोलीचं मंग बघू." असा राग आला! माझ्याच दारात उभी राहून मला शिकवते! तासभर फणफणत बसले. पण तिचे चुकले कुठे, ते काही सापडेना.

उद्या शनिवार, साखरेचा दिवस. बोलून आल्याशिवाय मी खाली सही करणार नाही.

शनिवार, दुपार. जाऊन आले. पन्नास नव्हते, चाळीसेक होते. दुकानात तराजू थांबवायला लावला. चोरी माझ्या पुतण्याची, खोटा आळ माझा, रतनबाईचा काडीचा दोष नाही, असे सांगितले. मागून कोणी "ऐकू आलं न्हाई" म्हणाले, म्हणून पुन्हा सांगितले. शरद रांगेतून साखर न घेताच निघून गेला. रतनबाई सरपणाचा भारा टेकवून सगळे ऐकत होती. मग जवळ आली आणि हात पुढे करून म्हणाली, "किल्ली द्या."

दिली. खोली आजपासूनच तिची आहे, माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. कलम सहा त्याप्रमाणे समजावे.

सही: अनसूया केशव गोवंडे

साक्षीदार: हौशीराम गेणू शेलार, रेशन दुकानात तोलणारा (सही)
बयाबाई भिमाजी तिकोने, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम लोणावळा, ता. १० फेब्रुवारी १९४५