सुताराच्या बॅटऱ्या मी परत देणार नाही

गुरुवार, सकाळी साडेआठ

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकलेले नाही, खुर्चीत बसूनच लिहिते आहे, पण तू मोठी असल्यामुळे वाकल्याचं धरून चाल.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? मी सांगितलेल्या गोळ्या त्यांनी पूर्ण घेतल्या की बरं वाटताच मध्येच सोडून दिल्या, हे खरंखरं कळव. मी त्यांना चाळीस वर्षं ओळखते. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब चांगला, भूक चांगली, डोकं तर फारच चांगलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण येत्या दोन दिवसांत तुला आमच्या चिरंजीवांचा फोन येईल आणि आईचं आता काही खरं नाही, असं तो सांगेल. त्याचं लगेच ऐकू नकोस. आधी माझं वाच.

तर झालं असं, की काल दुपारी मी एका सुताराच्या दोन बॅटऱ्या ताब्यात घेतल्या. त्याच्या स्क्रू काढायच्या मशीनच्या. या क्षणी त्या माझ्या जेवणाच्या टेबलावर, पंख्याखाली, एकमेकींपासून वीतभर अंतर राखून पडल्या आहेत आणि मी त्या परत देणार नाही. तो सुतार माझं कपाट खोलायला आला होता. कपाट कशाला, तर मला हे घर सोडून एक तारखेला मुलाकडे कायमचं राहायला जायचं आहे म्हणून. आणि ही बातमी मला, म्हणजे ज्या बाईला घर सोडायचं आहे त्या बाईला, सुताराकडून कळली. आता बोल.

पण तुला सगळं मुळापासून सांगायला हवं. तुला ठाऊकच आहे, मी चौतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बारा मुख्य परिचारिका म्हणून. माझ्या वॉर्डात कुठल्या खाटेला कधी काय दिलं, हे चार्टवर लिहिल्याशिवाय डॉक्टरसुद्धा पुढच्या खाटेकडे सरकत नसत. निवृत्त झाल्यावर घरात पाहिलं तर सगळी चार्जिंगवाली मंडळी: फोन एक, टॉर्च एक, रक्तदाबाचं यंत्र एक, पुस्तक वाचायचा दिवा एक, पॉवर बँक एक, आणि माझी कानातली यंत्रं दोन. कुणाला कधी जोडलं, कधी काढलं, कशाचा पत्ता नाही. टॉर्च वर्षभर ड्रॉवरमध्ये पडून मेला तरी कुणाला कळलं नाही. (वॉर्डात असं झालं असतं तर चौकशी बसली असती.) मग मी प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याचं कार्ड बांधलं. आत किती वाजता, बाहेर किती वाजता, अंगाला गरम लागतं की गार. सकाळची पाळी फोनची, दुपारची यंत्रांची, संध्याकाळची दिव्याची. सूनबाईनं ही कार्डं पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पदर तोंडाला लावून गॅलरीत गेली. हसू दे. पण तिच्या फोनची बॅटरी दीड वर्षात झोपली आणि माझ्या फोनची चार वर्षं टुणटुणीत होती, हे तिनंही मान्य करावं.

होती, म्हणाले. आता त्या प्रकरणाबद्दल. ते तुला मुलाच्या तोंडून तिखटमीठ लावून कळेलच, तेव्हा खरं काय ते मी लिहिते. एके दिवशी दुपारी फोन चार्जिंगला असताना हाताला चांगलाच गरम लागला. आता, ताई, अंग गरम लागलं की माणूस काय करतं? मी चौतीस वर्षं जे केलं तेच केलं. चार्जरवरून काढला, आडवा निजवला आणि गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. दर पाच मिनिटांनी बदलल्या. अर्ध्या तासात ताप उतरला. फोनही उतरला, तो पुन्हा चढलाच नाही. दुकानदारानं त्याला उलटा धरला तेव्हा त्यातून पाणी ठिबकलं, आणि बॅटरी तर पोटुशी असल्यासारखी फुगलेली. त्यानं ती जपून वेगळी काढली, टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही असं बजावलं, आणि मुलाकडे अशा नजरेनं पाहिलं की मला तिथेच कळलं, आता हे आपल्या अंगाशी येणार. मी पट्ट्या ठेवल्या हे चुकलं, नवा फोन घ्यावा लागला. कबूल. पण ती बॅटरी मी फुगवली नाही, ती आधीच आजारी होती म्हणूनच तापली होती. मला मात्र त्या दिवसापासून घरात एकटीला ठेवायला धोका आहे, असं ठरलं. आणि ज्यांनी ठरवलं ते दोघं स्वतःचे फोन चार्जिंगला लावून उशीखाली घेऊन झोपतात! धोका कुणाच्या घरात आहे, ते तूच सांग.

आता कानांकडे येते, कारण सगळं तिथेच बिघडलं. माझ्या यंत्रांची बॅटरी आतच बसवलेली आहे, बदलता येत नाही. ती दमली की यंत्र कंपनीकडे पाठवायचं आणि तीन आठवडे वाट पाहायची. मागच्या वर्षी पाठवलं होतं. ते तीन आठवडे मी कुणाला सांगितले नाहीत, तुला सांगते: शेजारीण दार ठोठावून ठोठावून निघून जायची आणि मी आत बसून, आज कुणीच कसं आलं नाही, म्हणून वाईट वाटून घ्यायची. तेव्हाच ठरवलं की या बॅटरीला पोटच्या पोरासारखी सांभाळायची. कानवाल्यानं (हा तरुण माणूस आहे, यंत्रं दुरुस्त करतो, बोलतो फार हळू, कानवाल्यानं एवढं हळू बोलू नये) मला सांगितलं होतं: अगदी संपेपर्यंत ओढू नका, उन्हात ठेवू नका, ओल्या केसांवर घालू नका, चार्जिंगची डबी आमचीच वापरा. मी ते अक्षरशः पाळलं. यंत्र कानात पहिल्यांदा टुंग वाजलं, की थकलं बिचारं, असं समजून तिथल्या तिथे काढून डबीत. नंतर कळलं की पहिल्या टुंगनंतरही ते चांगला तासभर चालतं. मी त्याला विचारायला गेले तर तो हसला, म्हणाला, आजी, अहो ते वापरायला आहे. मला ते हसणं आवडलं नाही.

यंत्रांचं टुंग रोज दुपारी चारच्या सुमारास वाजतं. आणि रविवारी मुलगा-सून येतात चारला. संध्याकाळी साडेसहाला मला खालच्या मजल्यावर मास्तरांच्या पायाचं ड्रेसिंग करायला जायचं असतं. मास्तरांना साखर आहे, जखम चार महिने भरत नव्हती, आता भरते आहे, आणि ते कुठे दुखतं ते पुटपुटत सांगतात, म्हणून मला तिथे दोन्ही कान लागतात. डबीत दोन-अडीच तास घातल्याशिवाय यंत्रं तेवढी सावरत नाहीत. मग मी काय केलं? चार ते साडेसहा यंत्रं डबीत, डबी पदराखाली मांडीवर, आणि तोंडावर ऐकत असल्याचा भाव. मोठे डॉक्टर राउंडला काय बोलतात ते चौतीस वर्षांत निम्मं कुणाला ऐकू आलं होतं? मान हलवायची, मध्येच "हो ना" म्हणायचं, गंभीर चेहरा दिसला की "बघू या" म्हणायचं. चार महिने कुणाला संशय आला नाही. सूनबाई तर म्हणाली (हे मला नंतर कळलं), की आई हल्ली किती शांत झाल्यात, आधीसारखं मध्ये बोलत नाहीत.

अशाच एका रविवारी मी घर सोडायला हो म्हटलं. हे घर भाडेकरूला द्यायला हो म्हटलं. आणि लोकांच्या घरी जाऊन ड्रेसिंग, इंजेक्शनं करणं आता बंद करायला हो म्हटलं. तीन वेळा, तीन वेगवेगळ्या गोष्टींना, आणि म्हणे हसून.

म्हणून काल सुतार दारात उभा. मला वाटलं, बिजागरी कुरकुरते ती करायला मुलानं पाठवलाय. (किती गुणाचा पोरगा, असंसुद्धा मनात आलं, ते आता परत घेते.) कपाटाचं एक दार त्यानं उतरवून भिंतीला टेकवलं, तेव्हा मी म्हटलं, अहो, बिजागरी दुसऱ्या दाराची आहे. तर तो म्हणाला, आजी, दोन्ही काढायची, पूर्ण कपाट खोलायचं, एक तारखेला टेम्पो येतोय ना. मी खाली बसले. त्यानं पाणी आणून दिलं, माणूस भला आहे. दुसऱ्या दाराला मशीन लावलं आणि ते घूंऽ करून थांबलं. त्यानं दुसरी बॅटरी चढवली, तीही थांबली. दोन्ही स्कूटरच्या डिकीत भर उन्हात सकाळपासून शिजत होत्या. मी हात लावून पाहिला आणि माझ्यातली मुख्य परिचारिका उठून उभी राहिली. त्याला म्हटलं, या तापलेल्या आहेत, अशाच चार्जिंगला लावल्या तर दोन्ही हातच्या जातील, आधी गार व्हायला हव्यात. तो म्हणाला, किती वेळ? मी म्हटलं, ते मी सांगेन. दोघींना टेबलावर निजवलं, गळ्यात कार्डं बांधली (पट्ट्या ठेवल्या नाहीत, मी एकदा चुकते, दोनदा नाही), त्याला चहा दिला आणि घरी पाठवलं. स्क्रूवर रंगाची पुटं आहेत, हातानं एक वळत नाही, हे त्यानंच करून पाहिलं होतं. जाताना विचारलं, उद्या येऊ का न्यायला? मी म्हटलं, बऱ्या झाल्या की कळवते.

सुतारानं अर्थातच मुलाला कळवलं. पाच वाजता चिरंजीव ऑफिसातून थेट हजर. (तो येणार हे ओळखून या वेळी यंत्रं डबीतून काढून कानात घालून ठेवली होती.) त्यानं टेबलावरच्या बॅटऱ्या पाहिल्या, भिंतीला टेकवलेलं दार पाहिलं, आणि म्हणाला, "आई, तू हो म्हणाली होतीस. तिन्ही गोष्टींना, हसत हसत."

"यंत्रं डबीत होती," मी म्हटलं. "न ऐकता दिलेला होकार धरत नाहीत. ऑपरेशनलासुद्धा धरत नाहीत."

तो रागावेल असं वाटलं होतं, आणि मी त्याची तयारी करून बसले होते. पण त्यानं रागावायचं सोडून भलतंच विचारलं. "आणि त्याच्या आधीच्या रविवारी?"

"तेव्हाही डबीत."

"कधीपासून?"

मी म्हटलं, मास्तरांचा पाय सुरू झाला तेव्हापासून. तो थोडा वेळ त्या उतरवलेल्या दाराजवळ उभा राहिला, मग चपला घालून गेला. चहासुद्धा घेतला नाही. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. त्याच्या लहानपणी शाळेतल्या गोष्टी सांगायला तो माझ्या मागे मागे फिरायचा आणि मी, थांब रे, ड्यूटीवर जायचंय, म्हणायची, ते आठवलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि घर सोडणं वेगळं. मी त्याला हेच सांगणार होते, तोवर तो जिना उतरला होता.

तेव्हा ताई, माझं म्हणणं स्पष्ट आहे आणि ते तू चारचौघांत सांगायला मोकळी आहेस. मी हे घर सोडणार नाही. मास्तरांची जखम भरेपर्यंत तर नाहीच, आणि भरल्यावर दुसरं कुणाचं तरी काहीतरी निघेलच. ज्या बाईनं तीस खाटा सांभाळल्या ती सात यंत्रं सांभाळू शकते. टेम्पोवाल्यानं एक तारखेला यावं, चहा घ्यावा आणि परत जावं. भावजींना नमस्कार. गोळ्यांचं कळव.

तुझी धाकटी

ता. क. सुताराच्या दोन्ही बॅटऱ्या ठणठणीत आहेत. तासाभरात गार झाल्या, तो ठेवून गेलेल्या त्याच्याच चार्जरवर मी नीट भरूनही ठेवल्या. हे त्याला कळता कामा नये.

ता. क. पुन्हा. एक गोष्ट वर लिहिली नाही. ज्या रविवारी मी तीनदा हो म्हटलं, त्या दिवशी सूनबाई कप विसळायला आत गेल्यावर तो खुर्ची ओढून माझ्याजवळ आला, माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ काहीतरी बोलत होता. मध्ये एकदा थांबला, डोळे पुसले, पुन्हा बोलला. मी मान हलवली. यंत्रं कानात घालायला अर्धं मिनिट पुरलं असतं. घातली नाहीत, कारण घातली असती तर आधी घातली नव्हती हे त्याला कळलं असतं. आता त्याला विचारायचं मला तोंड नाही. तुला तो सगळं सांगतो. तेव्हा त्या दिवशी तो मला काय म्हणाला, ते त्याच्याकडून काढून घे आणि मला लिहून पाठव. फोन करू नकोस. फोनवर एखादा शब्द निसटतो, आणि यातला एकही मला निसटू द्यायचा नाही.