निळ्या ड्रेसचे चार इंच

लाडक्या (आणि आता सडपातळ) ताईस,

तुझ्या धाकट्या जाडीचा नमस्कार.

तुझे सहा ड्रेस पोचून महिना झाला. सोबतच्या चिठ्ठीत ‘प्रत्येक चार इंच आत घे’ हे वाचून माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? इथे शिवणखोलीत मी दिवसभर हॉटेलच्या वेटरांचे गणवेश सैल-घट्ट करते, पण कुणाच्या चार इंचांनी माझ्या पोटात एवढं दुखलं नव्हतं.

वर तो तुझा रिपोर्ट! वजन उतरवायच्या त्या पोटाच्या ऑपरेशनला वर्षही झालं नाही, तर वजनाबरोबर लिव्हरवरची चरबीसुद्धा उतरली म्हणे. लहानपणापासून चांगलं ते सगळं आधी तुलाच.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

आता हे फक्त तुला. निळा ड्रेस मी सहज घालून पाहिला, तर आत न घेताच अगदी मापात बसला. घाबरून तपासणी करून घेतली. तुझ्या लिव्हरवर होती तेवढीच चरबी माझ्याही निघाली. डॉक्टरीणबाई ऑपरेशनचंच म्हणतात. आधी लिव्हर आकसावं म्हणून तुला दोन आठवडे नुसतं पातळ खायला दिलं होतं ना? ती भूक कशी सोसलीस, ते सविस्तर लिही.

तुझ्या ड्रेसचा एक टाकाही मी उसवलेला नाही. सध्या मीच ते घालतेय. पुढच्या वर्षी आत घेईन, पण माझ्या मापाने, आणि तुझ्यापेक्षा अर्धा इंच जास्तच.

तुझ्यावर जळणारी, तुझीच,
धाकटी