कोयलच्या डोळ्याखालचा भोवरा

२ नोव्हेंबर
गावची मंडई झाली, दिवाळीनंतरची जत्रा. कोयलवर बसून तलावाच्या पाळीवरून एक चक्कर मारली, खोगीर नाही, नुसतं पोतं. लोक दंडारीचा खेळ सोडून आमच्याकडं पाहून राहिले होते. "पडते आता पोट्टी," कोणीतरी म्हणालं. नाही पडली.
घरी चांदणी, म्हणजे कोयलची माय, खुट्याले बांधलेली. मंडईतला बॅण्ड ऐकून तिले वाटलं वरात निघाली. बांधल्या जागीच नाचत होती येडी. आज्यानं हौसेनं घेतलेली पांढरी घोडी, आख्ख्या अड्याळकडचे नवरदेव तिच्या पाठीवर बसून गेले. आता गुडघे गेले तिचे. पण पाय काही ऐकत नाहीत.

५ नोव्हेंबर
बाबांनी साकोलीकडच्या घोड्याच्या व्यापाऱ्याले बोलावलं. तुळशीचं लग्न झालं की सिझन सुरू, चांदणीच्या जागी कोयल चालन का विचारायले. काळी आहे, पण वरून जरीची झूल टाकली की काळं-गोरं कोण पाहते, हे बाबांचं म्हणणं.
त्यानं दात पाहिले. खूर पाहिले. मग तोंड धरलं, डाव्या डोळ्याखाली बोट ठेवलं नि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला.
"आंसूढाळ हाय जी."
बाबांले कळलंच नाही. मलेही नाही.
"डोळ्याखाली भोवरा. ज्याच्या दारात बांधली त्याच्या घरी आसवं. हिच्यावर नवरदेव बसवता काय?"
बैलाचे भोवरे बाबा डोळे मिटून नुसत्या बोटानं सांगतेत. बैलबाजारात लोक त्यांले हात धरून नेतेत. घोडीच्या तोंडाकडं मात्र तीन वर्षांत कोणी धड पाहिलं नाही. आम्ही पडलो धानवाले. आज्याले माहीत असन तर तो बोलला नाही.
मी रोज त्या भोवऱ्यावरून ब्रश फिरवते. मले तो आवडते.

७ नोव्हेंबर
गावभर झालं. आजा गेला तो कोयलमुळं. काकाचा पाय मागच्या साली मोडला तो कोयलमुळं. आमच्या बोडीत, शेतातल्या तळ्यात, यंदा पाणी टिकलं नाही, तेही तिनंच पिलं असन. काल नळ आला नाही. त्याचाही आळ येईन संध्याकाळपर्यंत.
मायले म्हटलं, माह्या डोक्यात तर दोन भोवरे आहेत. लहानपणापासून ऐकून राहिली, दोन भोवरे म्हणजे दोन नवरे. एकही आला नाही अजून. मले काहून नाही विकत मंग?
माय हसली. हसता हसता रडली. आता ही आसवं कोणाच्या नावावर लिहाची? माह्याच. घोडीले मध्ये आणू नका.

९ नोव्हेंबर
चांदणीची दोन लग्नं मोडली. म्हणजे ज्यांनी मागच्या सिझनलेच सांगून ठेवलं होतं त्यांनी नाही म्हटलं. त्या घरची घोडीच नको.
बाबा जेवताना म्हणाले, व्यापारी कोयलले घेऊन जाईन. लग्नाच्या कामाची नाही राहिली. टांग्याले लागन, नाहीतर...
नाहीतरच्या पुढं कसाई. मले काय समजत नाही का.
कोयल झाली तेव्हा सारे शेतात धानाच्या रोवण्याले गेले होते, घरी मी एकटी. चांदणी अडली. मीच शिंगरू ओढून काढलं, कोपरापर्यंत रक्त. बाबा बांधीतून आले, पाय चिखलानं भरलेले. शिंगराकडं पाहिलं, माह्याकडं पाहिलं. म्हणाले, "हे तुहं."
आज आठवण दिली.
"लेकराले म्हणते माणूस तसं."
"मी सतरा वर्षाची होती. लेकरू नव्हती."
ताट तसंच ठेवून उठले. लय वाईट वाटलं. पण शब्द मागं घेणार नाही.

१२ नोव्हेंबर
काका कातर घेऊन आला. तेवढे केसच कापून टाकतो म्हणे, भोवरा दिसणार नाही, दूरच्या गावात लग्नाले चालून जाईन. कोणाले काय पत्ता.
मी मध्ये उभी राहिली.
"सरक वो. तुह्यासाठीच करून राहिलो."
खरंच माह्यासाठीच करत होता, त्याचा राग नाही. पण लपवलं म्हणजे खोट आहे हे कबूलच केलं ना? नि केस तर वाढतेत. मंग जन्मभर कातर घेऊन हिच्या मागं फिराचं? नाही कापू दिले. तेवढ्यात कोयलनं काकाच्या शर्टाची बाही चावून फाडली. माही पोरगी आहे ती.

१३ नोव्हेंबर
आज अड्याळचा बाजार. सकाळी तांदळाचं पीठ वाटीत कालवलं. चुना नको, डोळ्यात गेला तर? बोटानं त्या भोवऱ्याभोवती पांढरं गोल काढलं. काळ्या तोंडावर असं ठसठशीत दिसलं, दुरून दिसन. दिसू दे.
बाजारातून पायी पायी नेली, घाई नाही केली. व्यापाऱ्याची गोष्ट सगळ्यांले माहीत. लोक बाजूले सरकत होते. एकानं तर लेकराचे डोळे झाकले.
वांगे विकणारी म्हातारी तेवढी बोलली. "हे काय वो बाई, टिकली लावली का तिले?"
"हो जी, टिकली."
"शोभते."
तिच्याजवळून गरज नसताना वांगे घेतले. मायनं विचारलं एवढे वांगे कायले, सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर
ममता आली. मागच्या गल्लीतली, शाळेपासूनची माही मैत्रीण. तिले मंगळ. तीन ठिकाणी जमता जमता मोडलं, आता तुमसरचा एक राइस मिलमधला मुलगा हो म्हणाला. पत्रिका पाहत नाही म्हणे. २८ ले लग्न, इथंच.
म्हणाली, "नवरदेव येईन त्याच्या गाडीनं. मंडपात मी कोयलवर येणार."
मी म्हटलं, डोकं फिरलं का तुहं?
"मले मंगळ, तिले भोवरा. आता आम्ही दोघींनी घाबराचं कोणाले?"
लय हसलो. मंग ती म्हणाली, गंमत नाही करून राहिली मी.
तिच्या बापानं ऐकलं. "एक मंगळ पुरला नाही का तुले?" एवढंच. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही.
आमच्याकडं बाबा म्हणाले, व्यापारी २६ ले येते. त्याले शब्द दिला.
म्हटलं, मलेही दिला होता.

२१ नोव्हेंबर
कोयल बॅण्डले बुजते. मोबाईलवर वाजवून पाहिलं, तर कान टवकारून ऐकते, खऱ्या ढोलावर उधळते. आज पडली मी. कंबर दुखून राहिली, लिहाले बसवत नाही.
शेवटी चांदणीले बाजूले बांधलं. माय आतून पितळी परात घेऊन आली नि लागली लाटण्यानं बडवायले. पदर खोचून. चांदणी नाचायले लागली. कोयल तिच्याकडं पाहत राहिली. मंग एक पाय उचलला, मंग दुसरा.
माय म्हणाली, "ममताच्या वरातीसाठी मी परात वाजवली, हे बाबाले सांगू नको."
परातीले पोचा आला.

२६ नोव्हेंबर
व्यापारी टेम्पो घेऊन आला. मी कोयलवर बसून तलावाच्या पाळीवर जाऊन उभी राहिली. खाली ये म्हणे तो. नाही आली.
बाबा एकटेच पाळीवर चढून आले. दम लागला होता. हात वर केला नि कोयलच्या डोळ्याखाली बोट ठेवलं, बैलाले ठेवतेत तसंच, डोळे मिटून. तीन वर्षांत पहिल्यांदा. ती हलली नाही.
मग म्हणाले, "बैल असता तर मी आधी चाल पाहिली असती. भोवरा मागून."
"मंग?"
"चालवून दाखव."
पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. आधी चाल, मंग दुडकी. परत आणली. बाबा तिच्या पायांकडं पाहत होते, तोंडाकडं नाही. गिऱ्हाइकाच्या बैलाकडं पाहतेत तसं. खाली टेम्पोचा हॉर्न वाजून राहिला होता, कोयल बुजली नाही.
"मागचा पाय चांगला टाकते," बाबा म्हणाले नि उतरून गेले.
खाली त्यांचं व्यापाऱ्याशी काय बोलणं झालं ऐकू आलं नाही. टेम्पो रिकामाच गेला. मायनं सांगितलं, तो म्हणाला परवा सकाळी येतो. बाबा म्हणाले, या.
परवा २८. वरात दुपारची.
बाबांले विचारलं, या म्हणजे काय? म्हणाले, झोप आता.
झूल उन्हात टाकून ठेवली आहे. पीठ दळून ठेवलं. परवा सकाळी कोयलले टिकली लावून दारातच उभी राहीन, लगाम माह्या हातात. ज्याले न्यायची आहे त्यानं माह्या हातातून घेऊन दाखवावा. बाबा असले तरी.